तात्यांच्या फेट्याचा पट्टा

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा माझा मोबाईल ओसरीत चार्जिंगला लावलेला होता. सुनेने तो घेतला आणि तिथूनच म्हणाली, "मामा, किसनकाका गेले." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अरेरे" नव्हता. मी विचारलं, "त्याचा ट्रान्झिस्टर आता कुणाकडं?" सुनेनं फोन माझ्या हातात दिला. महिना होऊन गेला त्याला. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात, ते मी लिहीनच. पण आधी हे सांगून टाकतो की मी किसनवर जन्मभर जळलो, आणि तो गेला तरी अजून जळतोच आहे.

पाथर्डीच्या अलीकडे आमचं गाव. गावात वीज नव्हती तेव्हा रेडिओ एकच होता, आणि तो आमच्या घरी. लाकडी पेटीचा, फळीवर बसवलेला, छपरावर एरियलची तार. तो मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की सायकलच्या कॅरिअरला बांधून पाथर्डीला न्यायची, दुकानात चार्जिंगला टाकायची, भरली की परत आणायची. हे काम माझं. माझा थोरला भाऊ, दादा, फौजेत होता. आमचे वडील, म्हणजे तात्या, रेडिओ ऐकायला जमलेल्या गावाला दादाच्याच गोष्टी सांगत. ॲसिडचे थेंब उडून ज्याच्या पायजम्याची चाळणी झाली होती तो धाकटा लेक तिथेच मागे उभा असायचा... त्याच्याबद्दल काही सांगण्यासारखं नसावं.

किसन माझ्या वर्गातला. त्याच्या घरचे दिवाळी झाली की ऊसतोडीला राहात्याकडे जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. सत्तरची दिवाळी करून गेलेला हा पठ्ठ्या उन्हाळ्यात बैलगाडीवर बसून आला, तो खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवूनच. चामडी कव्हर, चामडी पट्टा, आणि गाणं चालू. मी विचारलं, "ह्याची बॅटरी कुठंय?" त्यानं कव्हरावर थाप मारली. "पोटात हाय की. सेल घातलं की झालं." ना तार, ना ॲसिड, ना पाथर्डीची खेप. महिनाभरात आमची ओसरी रिकामी झाली आणि किसनच्या छपरापुढे बसायला जागा पुरेना. माझ्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं ते लागलंच.

त्याच वर्षी हिवाळ्यात लढाई सुरू झाली. दादा सरहद्दीवर. तात्यांचं जेवणखाण सुटलं, फक्त बातम्यांची वेळ तेवढी त्यांना कळायची. आणि नेमकी तेव्हाच आमची बॅटरी उतरली. मी ती पाथर्डीला नेली, तर दुकानापुढे सगळ्या तालुक्याच्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या. माझा नंबर लागेना. किसन त्या साली तोडीला गेला नव्हता, पायावरून गाडीचं चाक गेलं होतं. तात्या दिवस दिवस त्याच्याजवळ बसू लागले. शेवटी बॅटरी भरून मिळाली, तेव्हा मी सायकल अशी हाणली की छातीचा भाता झाला. म्हटलं, आज तात्यांना घरच्या रेडिओवर बातम्या ऐकवीन. घरी येतो तर दाराला कडी. किसनच्या छपरापुढे सगळा गाव उभा, लढाई थांबल्याची बातमी नुकतीच होऊन गेलेली. ट्रान्झिस्टरचा चामडी पट्टा गर्दीच्या ओढाओढीत तुटला होता. तात्यांनी डोक्याचा फेटा सोडला, त्याची एक पट्टी टर्रकन फाडली आणि रेडिओच्या कड्यांना स्वतःच्या हातानं बांधली. "ह्यानं माजं पोरगं मागारी दिलं," म्हणाले आणि तो किसनच्या खांद्याला अडकवला. फेटा फाडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. मी भरलेली बॅटरी घेऊन तसाच उभा. "आलास व्हय?" एवढंच तात्या मला म्हणाले.

तरी मी हार मानली नाही. किसन सेल उतरले की ते भिंतीवर उन्हात मांडायचा. ऊन दाखवलं की ते आणखी थोडे चालायचे. तात्याही त्याच्या शेजारी बसून सेल उलटेपालटे करायचे. मला वाटलं, ऊन सेलला मानवतं तर बॅटरीला का मानवू नये? पुढच्या चैत्रात मी ती दिवसभर पत्र्यावर तापवली. संध्याकाळी उचलायला गेलो तर बॅटरीच्या झाकणाभोवतीचं डांबर पातळ होऊन ती उलली आणि सगळं ॲसिड माझ्या पायजम्यावर, कातडी तेवढी वाचली. तात्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग ते हसू घेऊन तडक किसनकडे सांगायला गेले. माझी फजितीसुद्धा त्याच्याच दारी.

आता चांगलं लिहितो. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर किसन ट्रान्झिस्टर बाभळीला टांगायचा, बायाबापड्यांचा दिवस सरायचा. तात्या अंथरुणाला खिळले तेव्हा तो रोज येऊन रेडिओ त्यांच्या उशाशी ठेवायचा. एकदा दारात मला म्हणाला, "तात्या तुजं लई कवतिक करत्यात. म्हनत्यात, घर ह्यानंच धरून ठिवलं." मी म्हणालो, "मला कधी बोलले नाहीत." "तुज्या तोंडावर कसं बोलत्याल?" म्हणाला आणि हसला. माझ्या बापानं केलेलं माझं कौतुक, तेही मला ह्याच्या तोंडून ऐकावं लागलं... त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही. तात्या गेले. चौदाव्याला रीतीप्रमाणे मानाचा फेटा दादाला बांधला. तात्यांच्या फेट्याची पट्टी किसनच्या खांद्यावर. माझ्या वाट्याला फुटकी बॅटरी.

किसनच्या दहाव्याला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं कोनाड्यातून ट्रान्झिस्टर काढून माझ्या हातात दिला. "भावजी, तुमीच न्या. ह्यात तात्यांची याद हाय." मी आधी कड्या बघितल्या. रिकाम्या होत्या. "वहिनी, पट्टा?"

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्यो त्येंच्या खांद्यालाच ऱ्हाऊ दिला. सांगून ठिवलं व्हतं त्येंनी, त्येवढा माज्यासंगं जाळा म्हनून."

ट्रान्झिस्टर अजून वाजतो, खरखरत का होईना. सकाळी मी सेल काढून भिंतीवर उन्हात मांडतो. सून म्हणाली, "मामा, जुन्या साडीचा पट्टा शिवून देऊ का?" मी नको म्हटलं. माझ्यासाठी कुणी फेटा फाडला नव्हता. मी ट्रान्झिस्टर हातातच धरतो.