गाडी गॅरेजात, किल्ली गोठ्यात

"उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा," असं कोल्हापूरच्या लॉजवरच्या मॅनेजरनं सकाळी निघताना बजावलं होतं. आदल्या दिवशी नाशिकहून एवढं अंतर स्वतः गाडी चालवून आलो होतो, त्यामुळे मी नुसतं हसून मान हलवली. देवीचं दर्शन झालं होतं. मिसळीवर दोनदा कट (वरचा तिखट रस्सा) मागून घेतल्यामुळे कान अजून गरम होते. आता राधानगरीला जायचं होतं. माझी बायको विद्या, तिची थोरली बहीण तिथे राहते. पाय मोडल्यापासून ती घराबाहेर पडलेली नव्हती आणि आमची वाट बघत होती.

शहर सोडून कळंब्याच्या बाजूला आलो आणि एका वळणावर माझी घाई नडली. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळत होता. मी कडेच्या फटीतून गाडी काढायला गेलो आणि मागची ट्रॉली आत आली. पत्रा घासल्याचा लांबलचक आवाज झाला. ट्रॅक्टरवाला सावकाश उतरला, मागे आला.

"पावणं, ट्रॉली वळताना बाजूला शिरायचं नसतंय की," तो म्हणाला. मग वाकून पुढचं चाक बघितलं. बंपर एका बाजूनं निखळला होता आणि आत दबलेला पत्रा चाकाला टेकला होता. "नुकसान लई न्हाय. पण असंच गेलासा तर टायर फाटंल. हितंच पुढं तानाजीचं गॅरेज हाय."

तानाजी मिस्त्री पस्तिशीचा, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. त्यानं गाडी आत घेतली, बंपर उतरवला आणि म्हणाला, "जेवून या. तोवर करतो."

आम्ही कळंब्याच्या तळ्याकाठी थोडं फिरलो. थंडीचे दिवस होते, ऊन अंगावर बरं वाटत होतं. जवळच्या खानावळीत पांढरा रस्सा प्यायलो आणि परत आलो, तर गॅरेजचं शटर खाली. कुलूप घातलेलं. तानाजीला फोन लावला, तर घंटी शटरच्या आतूनच ऐकू आली.

शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या बाई होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. त्या म्हणाल्या, "तान्या गावाकडं पळाला. म्हैस अडलीया त्याची. विताच येत न्हाय तिला."

"मग येणार कधी तो?"

"ते म्हशीला इचारा."

मला राग आला. आमच्या बॅगा गाडीत, विद्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या गाडीत, आणि जंगलातला अनोळखी रस्ता मला उजेडात संपवायचा होता. एवढी घाई होती, तर निदान किल्ली तरी टपरीवर ठेवायची. मी हे सगळं आक्कांना ऐकवलं. त्यांनी आमच्यापुढे चहा ठेवला. "खरं हाय तुमचं. पण म्हैस म्हंजी घरातलं माणूस हो. गडमुडशिंगीला जावा. मिस्त्रीचं घर कुणीबी दाखवंल."

रिक्षात मी तानाजीला काय सुनवायचं याची वाक्यं जुळवत होतो.

घर सापडलं. अंगणाच्या टोकाला पत्र्याचा गोठा होता. आत म्हैस आडवी पडली होती, बाहेर जनावरांचे डॉक्टर साबणानं हात धूत होते. म्हशीचं तोंड मांडीवर घेऊन तानाजीची बायको सुरेखा बसली होती. आम्हाला बघताच तानाजी उठला आणि त्याचा हात थेट खिशात गेला.

"साहेब, चुकलं माझं. शेजारचा पोरगा बोलवायला आला आन् तसाच पळालो. फोनबी तिथंच ऱ्हायला. ही चावी घ्या. शटर उघडा, गाडी घेऊन जावा. पत्रा सरळ केलाय, बंपर तेवढा लावायचा ऱ्हायला. तो पुढं कुठंबी लावून मिळंल."

त्याच्या हाताला शेण, रक्त लागलं होतं. ती किल्ली त्यानं आधी सदऱ्याला पुसली, मग मला दिली. ज्याचं नावही धड माहीत नव्हतं अशा माणसाच्या हातात तो आपलं अख्खं गॅरेज देत होता. रिक्षात जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना. विद्या तर केव्हाच आत जाऊन सुरेखाशेजारी बसली होती.

"माझ्या माहेरची हाय ही," सुरेखा तिला सांगत होती. "हरणी. लग्नात आईनं दिली तवा एवढीशी रेडी होती. माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाय."

डॉक्टर म्हणाले, "पाय आत दुमडलेत. सरळ करतो, पण ओढायला आणखी एक माणूस लागेल."

मी किल्ली खिशात टाकली आणि बाह्या वर केल्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस मी, गोठ्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. डॉक्टरांनी दोरीचं टोक हातात दिलं. "मी सांगेन तेव्हाच ओढायचं. ती कळ देईल तेव्हा." हरणी कळ द्यायची, आम्ही ओढायचो, ती थांबली की आम्हीही थांबायचो. सुरेखा तिच्या कानाशी बोलत राहिली. हाताची सालं निघाली, पाय शेणात घसरत होते, आणि शेवटी रेडकू बाहेर आलं.

रेडी होती. काळीभोर, ओली, कपाळावर पांढरा टिळा. तानाजीनं तिचं नाक साफ केलं, गवतानं अंग चोळलं, मागचे पाय धरून उलटी केली, पुन्हा चोळलं. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला आणि काही वेळानं नकारार्थी मान हलवली.

"म्हैस वाचली," ते म्हणाले.

तानाजी रेडीला उचलायला वाकला. सुरेखा म्हणाली, "थांबा जरा. चाटू दे तिला." हरणी धडपडत उभी राहिली आणि रेडीला चाटू लागली. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. विद्याचा हात सुरेखाच्या पाठीवर होता.

ऊन कलल्यावर तानाजीनं हातपाय धुतले आणि म्हणाला, "चला साहेब, तुमची गाडी."

"अरे, राहू दे आज. उद्या बघू."

"न्हाय. करतो म्हणालो होतो."

मोटारसायकलवर त्याच्यामागे बसून मी गॅरेजवर गेलो. त्यानं बंपर बसवला. मधेच थांबून बाहीनं डोळे पुसले, तेव्हा मी हत्यारांच्या पेटीतले पाने चाळल्यासारखं केलं. गाडी घेऊन आम्ही त्याच्याच घरी परतलो, कारण अंधारात राधानगरीला जाऊ द्यायला ती दोघं तयार नव्हती. विद्यानं बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. सुरेखा सकाळपासून उपाशी होती, तरी आमच्यासाठी भाकऱ्या थापत होती. विद्यानं पदर खोचला आणि पिठलं केलं. चौघं चुलीपाशी बसून जेवलो.

राधानगरीत चार दिवस छान गेले. धरणाचं निळं पाणी, भात कापून झालेली खाचरं, सकाळी झाडांमधून उतरणारं धुकं. मेव्हणी काठी टेकत अंगणापर्यंत चालली, तेही विद्यानं आग्रह केला म्हणून. गप्पांत मात्र दोघी बहिणी फिरून फिरून हरणीवर यायच्या.

परतताना वाट वाकडी करून गडमुडशिंगीला गेलो. तानाजी दारातच होता.

"म्हैस कशी आहे?" मी विचारलं, आणि त्याच क्षणी त्यानं विचारलं, "गाडी कशी हाय?" दोघंही हसलो. त्या घरात त्याला मी पहिल्यांदाच हसताना बघितलं.

हरणी मात्र दाराकडे तोंड करून उभी होती. "खाती पीती," सुरेखा म्हणाली, "पण पान्हा सोडत न्हाय. आचळाला हात लावला की आखडती. रेडीला शोधती अजून." तिनं विद्यासाठी गुळाची ढेप आणून ठेवली होती. निघताना दोघी गोठ्यात किती तरी वेळ उभ्या होत्या. मी हॉर्न वाजवला नाही.

नाशिकला आल्यावर लोकांनी विचारलं, काय काय बघितलंत? मी देऊळ सांगितलं, तळं सांगितलं, धरण सांगितलं. खरं तर त्या प्रवासात मी बघितलं कमी. एका दुपारी एका घरातला माणूस असल्यासारखा दोरीला हात लावला, तेवढंच मनात राहिलं. पण हे चहा पिता पिता कसं सांगायचं?

विद्या रोज सकाळी सुरेखाला फोन करायची. मी पेपर वाचत ऐकायचो. "आजही नाही का? असू दे. तिचं दुःख आहे ते. घाई नको करूस."

एका सकाळी फोन कानाला लावून ती बोलायची थांबली. मी पेपर खाली केला. तिनं हात वर करून मला गप्प केलं, मी काही बोललोच नव्हतो तरी. पलीकडून सुरेखाचा आवाज येत होता, आणि त्यामागे आणखी एक आवाज, रिकाम्या चरवीत पडणाऱ्या धारेचा.

विद्यानं फोन माझ्या कानाला लावला.