ईस्टरनंतरचा गुरुवार

ऑलिंडा मार्टिस दरवर्षी चाळीस दिवस पत्त्यांतला ब्रिज सोडायची. राखेच्या बुधवारी कोर्लईच्या चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस घेतला की मुरुडचं गुरुवारचं टेबल बंद, ते थेट ईस्टर झाल्यावर उघडायचं. तिच्या गावची माणसं उपवासकाळात मटण सोडत, कुणी मासे सोडत, कुणी दारू. ब्रिजमधल्या तिच्या जोडीदार सुचिताबाईंनी एकदा तिला म्हटलं होतं, "अगं, तूही मासे सोड की. आमचे गुरुवार कशाला बुडवतेस?"

"मासे मला कुठे आवडतात?" जिचा बाप जन्मभर होडी घेऊन मासेमारीला गेला, अशी ही बाई म्हणाली. "न आवडणारं सोडून देवाला फसवू? तो काय शाळा तपासायला आलेला साहेब आहे?"

यंदा ती ईस्टरच्या आधीच गेली. ऑपरेशनला म्हणून मुंबईला गेली ती परत आली ॲम्ब्युलन्समधून. कोर्लईच्या दफनभूमीत सगळ्यांबरोबर सुचिताबाईंनीही मूठभर माती टाकली. पण त्यानंतरचे गुरुवार रिकामे गेले ते त्यांना फारसे जाणवलेच नाहीत. उपवासकाळ चालू होता. या दिवसांत टेबल बंदच असतं. ईस्टर होऊन गेला आणि मग मात्र गुरुवार उजाडला की दुपार सरता सरेनाशी झाली.

टेबल भरायचं ते सत्यवतीच्या पडवीत. सत्यवती आणि तिचे यजमान दत्तात्रेय, निवृत्त पोस्टमास्तर, ही एक जोडी. दुसरी जोडी ऑलिंडा आणि सुचिताबाईंची, एकमेकींच्या समोर बसणारी. दोघी एकाच शाळेत शिकवायच्या, ऑलिंडा गणित आणि सुचिताबाई इतिहास. सुचिताबाईंचे यजमान गेले त्या वर्षी ऑलिंडाने त्यांना घरातून ओढून आणून या खुर्चीवर बसवलं होतं. "रडायचं तर रड, पण पत्ते धरून रड," एवढंच म्हणाली होती. स्वतः ती हा खेळ वांद्र्याला शिकताना होस्टेलच्या एका म्हाताऱ्या सिस्टरकडून शिकली होती. लग्न केलं नाही. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत उभी राहायची आणि सगळ्यांच्या वरचा सूर लावायची. फादरनी एकदा हळूच सुचवलं की टीचर, तुम्ही बायबलवाचन करा, ते तुम्हाला जास्त शोभतं. तिने वाचनही घेतलं आणि गाणंही सोडलं नाही. नाताळच्या मिस्साला सुचिताबाई मागच्या बाकावर बसायच्या. तिथूनही तो आवाज वेगळा ओळखू यायचा.

"एक्का मिळावा म्हणून प्रार्थना करतेस का गं?" असं सुचिताबाईंनी तिला एकदा विचारलं होतं.

"करते ना. देत नाही."

सत्यवतीचा फोन आला की सुचिताबाई म्हणायच्या, "अजून नको." टेबल मोडलं तर गुरुवार गेला, आणि टेबल मांडलं, त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं, तर ऑलिंडा गेली. दोन्ही त्यांना नको होतं.

शेवटी मे महिन्यात सत्यवतीने फसवलं. "सहज ये, सरबत केलंय" म्हणून बोलावलं. सुचिताबाई पडवीत आल्या तर टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, आणि ऑलिंडाच्या खुर्चीवर रतन. समुद्राजवळ लॉज चालवणारा, पन्नाशी उलटलेला, ऑलिंडाचा जुना विद्यार्थी.

"तू?" सुचिताबाई म्हणाल्या. "तुला येतो ब्रिज?"

"गणितात दोनदा नापास झालेला माणूस आहे तो," दत्तात्रेय म्हणाले. "आमचं आज सोनं होणार."

रतन उठून उभा राहिला. "टीचरनी शिकवलं, बाई. नाताळपासून. लॉजवर यायच्या दुपारच्या. म्हणाल्या, मी ऑपरेशनला गेले तर गुरुवारी एक माणूस कमी पडेल."

सुचिताबाईंना आधी काय वाटलं असेल तर राग. इतकी वर्षं समोरासमोर बसून डोळ्यांतलं ओळखणारी मैत्रीण, आणि हे एका शब्दाने बोलली नाही. 'मी निघते' हे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आले होते. पण सत्यवतीने हातात पेला दिला, आणि पेला संपेपर्यंत पत्ते वाटून झाले होते.

रतनने बोली केली, "एक नो ट्रंप." म्हणजे हुकमाशिवाय खेळायचं; पत्ते बरे होते त्याचे. सुचिताबाईंच्या हातात चार बदाम, चार इस्पिक, आणि किलवरचं एकच पान. त्यांनी विचारही न करता म्हटलं, "दोन किलवर."

ऑलिंडा समोर असती तर तिने हे किलवर किलवर म्हणून घेतलंच नसतं. हा प्रश्न होता: तुझ्याकडे बदाम आहेत का चार, नाहीतर इस्पिक? ब्रिज खेळणारा कुणीही हे जाणतो.

सत्यवतीने पास दिला. रतनने पत्त्यांकडे पाहिलं आणि तोही म्हणाला, "पास."

"काय?" सुचिताबाईंच्या तोंडून निघून गेलं. दत्तात्रेयांनी घाईघाईने पास देऊन बोली मिटवून टाकली, आणि सुचिताबाईंना तो डाव किलवर हुकूम धरून खेळावा लागला. रतनने नियमाप्रमाणे आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले, त्यात किलवर दोन. बाकीचे सगळे विरुद्ध जोडीकडे. डाव असा बुडाला की दत्तात्रेयांनीसुद्धा शेवटी हात मोजायचे सोडून दिले.

"तुला दोन किलवर शिकवलं नाही तिने?" सुचिताबाईंचा आवाज चढला. "हे तर पहिल्या आठवड्यात शिकवतात!"

"एक नो ट्रंपपर्यंत झालं होतं," रतन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मग राखेचा बुधवार आला. म्हणाल्या, आता बंद. पुढचं ईस्टरनंतर."

वाडीत कुणीतरी झावळ्या ओढत नेत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. सुचिताबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग टेबलावरचे खेळून झालेले हात त्यांनी एकेक उलटे केले आणि चौघांचे पत्ते होते तसे चारी बाजूंना लावायला घेतले.

"बस इकडे. खुर्ची जवळ ओढ. हे बघ, तू एक नो ट्रंप म्हणालास. आता मी दोन किलवर म्हटलं की मी तुला विचारतेय. काय विचारतेय?"

रतन पत्त्यांवर वाकला. "किलवर आहेत का?"

"नाही रे बाबा!"

"हे त्याला आम्ही नव्वदीत गेल्यावर शिकवलंत तर बरं," दत्तात्रेय पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा. जिंकलात ना?"

तिसऱ्यांदा सांगितल्यावर रतनच्या डोक्यात शिरलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, "टीचर असत्या तर किती हात झाले असते, बाई?"

"तिने बदाम सांगितले असते. चारपर्यंत गेलो असतो." सुचिताबाईंनी मांडलेल्या पत्त्यांवरून बोट फिरवलं. "आणि बुडालो असतो. एका हाताने. राजा नको तिथे बसलाय. ती कितीही भांडली असती तरी बुडालोच असतो."

हे बोलून त्या थांबल्या. समोरून आता नेहमीसारखं उत्तर येणार, पत्ते ओढून घेतले जाणार, आधी चौकटची उतारी घेतली असती तर, असं काहीतरी सुरू होणार, म्हणून थांबल्या. रतन त्यांच्याकडे आदराने बघत होता. त्याला सगळं पटलं होतं.

सुचिताबाईंनी पत्ते गोळा केले, पिसले, आणि त्याच्यासमोर ठेवले.

"वाट," त्या म्हणाल्या. "आणि पटलं नाही तर भांडायचं. नुसतं हो हो करायचं नाही."