मॅडमच्या नावाचा डिंक्या

डॉ. सुलभाताई वाघमारे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या मोसंबीच्या बागेच्या बांधावर. त्या बादलीतल्या पाण्याने चप्पल धूत होत्या. शेजारच्या बागेतून आल्या होत्या आणि तिथली माती आमच्याकडे आणणे त्यांना मंजूर नव्हते. माझे वडील म्हणाले, "देवळात जायच्या आधी पाय धुतेत, तसं करून राह्यल्या बाई."

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, रोग चपलेनंबी येतो. मी आणला म्हणायला नको."

मॅडम मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या, म्हणून बोली आमचीच. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात वनस्पतिरोगशास्त्रातील त्यांच्या कार्याविषयी जाणकार लिहितीलच. माझे शिक्षण अकरावीत सुटले. गेली काही वर्षे मी त्यांच्या प्रयोगशाळेत नमुने आणण्याचे व त्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम करतो. म्हणून जे समोर पाहिले तेवढेच, तपासून लिहितो.

आमच्या झाडांना डिंक्या झाला होता. यात बुंध्यातून डिंक गळतो, साल कुजते आणि शेवटी झाड वाळते. मॅडमनी कुजकी साल जिथे संपते आणि जिवंत साल सुरू होते, नेमका तिथला तुकडा घेतला. त्यातून रोगजंतू वेगळा वाढवला आणि त्याचा संपूर्ण जनुकक्रम वाचायला घेतला.

"एवढं वाचून मिळणार काय?" वडिलांनी विचारले.

मॅडम बांधावर बसल्या. "चोर घरात शिरायच्या आधी कुत्र्याला भाकर टाकतो, बराबर? मंग कुत्रं भुंकत न्हाई. या रोगाची काही जनुकं तेच करतेत. झाडाची राखण गप करतेत. ती भाकर कशाची, ते आपण शोधून राह्यलो."

पुढे वडील हेच सर्वांना सांगू लागले, फक्त आमच्या कुत्र्याचे नाव घालून.

जनुकक्रम पूर्ण झाला, झाडावर हल्ला करणारी जनुके सापडली, शोधनिबंध लिहून झाला. अशा नमुन्याला तो जिथे सापडला त्या गावाचे नाव देण्याची पद्धत आहे. मॅडमनीही तसेच दिले होते. मी आनंदाने घरी सांगितले, तर वडील जेवता जेवता थांबले. आमची मोसंबीच्या रोपांची रोपवाटिका आहे; गावात आणखीही आहेत. "रोगाला गावाचं नाव? मंग आपली रोपं कोण नेईल?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आले आणि मॅडमना हेच म्हणाले. एक संशोधक विद्यार्थी हसला. "काका, गावात कोण वाचतंय हे?"

मॅडमनी त्याला थांबवले. "रोपं नेणारा वाचत न्हाई. पण त्याला सांगणारा एखादा वाचतोच." मग त्या वडिलांकडे वळल्या. "भाऊ, नमुना अंबड तालुक्यातला आहे, हे मी लपवणार न्हाई. ते खोटं होईल. पण हाक मारायचं नाव आपल्या हातात आहे."

त्यांनी तिथेच बसून निबंधातले गावाचे नाव जागोजाग काढले आणि स्वतःच्या नावातली अक्षरे घातली: सुवा.

"मॅडम, रोगाला तुमचं नाव?" तो विद्यार्थी म्हणाला.

"माझी रोपवाटिका न्हाई," मॅडम म्हणाल्या.

शीतपेटीतल्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मी त्याच दिवशी बदलल्या. या लेखातही मी गावाचे नाव लिहिलेले नाही, ते त्यामुळेच.

मॅडमनी त्यानंतर हा विषय कधी काढला नाही. मोसंबीचा डोळा ज्या रोपावर बांधतात तो खुंट; कोणता खुंट त्या भाकरीला भुलत नाही, हे त्या आता आमच्याच रोपांवर तपासत आहेत. अडचण झाली ती वडिलांची. पूर्वी डिंक दिसला की ते डिंक्याला तोंडाला येईल ते बोलत. आता बुंधा पाहून गप्प उभे राहतात. "बाईच्या नावाचा झाला," म्हणतात, "शिवी द्यायची सोय ऱ्हाली न्हाई."

आदरणीय मॅडमना उदंड आयुष्य लाभो, उत्तम आरोग्य लाभो, आणि सुवाचा निकाल त्यांच्याच हातून लागो. एका नावाच्या या दोघांपैकी कोणी उरावे, याबद्दल आमच्या गावात दुमत नाही.