उसनी सतरंजी

"त्यायले बाहेर मंडपातच बसव. आत आपली मंडळी बसतीन."

आमच्या चर्चचे सेक्रेटरी काका हळूच कुणाला तरी सांगत होते. मी दारात चपला सरळ करत होते, म्हणून ऐकू आलं. पाद्रीबाबा जाऊन महिना झाला होता, आज त्यांच्याच घरी त्यांची स्मरण-प्रार्थना. 'त्यायले' म्हणजे मशिदीचे हाफिजजी, बुद्धविहारातल्या मेश्रामबाई आणि बस स्टँडजवळच्या दुसऱ्या चर्चची माणसं.

पाद्रीबाबांना उसनं मागायची खोड होती. देवरीतल्या आमच्या चर्चमधून निवृत्त झाल्यावर ते दर महिन्याला या सगळ्यांना घरी चहाला बोलवायचे. फडताळात कपबशा असूनही कप मशिदीतून आणायचे, सतरंजी विहारातून, वाजवायची पेटी दुसऱ्या चर्चमधून. मागणीच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी अक्षर वाकडंतिकडं, तरी मीच. एकदा चिडून विचारलं, घरात आहे ते का वापरत नाही? म्हणाले, "उसनं दिलेलं न्यायले तरी माणूस येते, बाई. आला की बसते."

माणसं यायची, बसायची, चहा पिऊन आपापलं सामान घेऊन जायची. बस, एवढंच. दोन्ही चर्चचा नाताळ एकत्र व्हावा म्हणून बाबांनी किती खेटे घातले. आधी प्रार्थना कोण करणार, यावर दरवेळी मोडायचं. मला राग बाबांचाच यायचा. एकदा तरी आवाज चढवावा ना या माणसानं. ते आपले पेटीवरची धूळ पुसत बसायचे. "परत द्याची आहे," म्हणायचे. अर्थात, मी तरी कुठे बोलायचे? कोपऱ्यात कप विसळत सगळं ऐकायचे, आणि घरी जाऊन उशीवर डोकं आपटायचे.

आजचंही सामान मीच आणलं होतं, त्यांच्याच पद्धतीनं, चिठ्ठ्या लिहून. मंडपात पंखा नव्हता. हाफिजजी रुमालानं मान पुसत होते. मेश्रामबाई माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

आत काका पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काका, उठा. ही सतरंजी विहाराची आहे. मेश्रामबाई बाहेर बसणार असतील, तर मी ती बाहेर नेते."