राणी वनात गेलीच नाही

जव्हारात सभागृह बांधून झालं तेव्हा त्यात पहिल्यांदा काय करायचं यावरून गावात दोन तट पडले. कचेरीतली मंडळी म्हणाली, सभा. आमचे हेडमास्तर म्हणाले, नाटक. सभेत बोलण्यासारखं कुणाकडेच काही निघेना आणि हेडमास्तरांकडे पाच अंकी नाटक लिहून तयार होतं, म्हणून नाटक ठरलं.

मी शाळेत दुय्यम मास्तर होतो. अंगाने काडी, आवाज बारीक. हेडमास्तरांनी मला वर्गाच्या दारातूनच पाहिलं आणि राणीचं काम देऊन टाकलं. मिशी काढावी लागली. घरी बायकोने तिचं लुगडं नेसवून मला आठ दिवस ओसरीवर चालायला लावलं.

"अहो, राणी आहात तुम्ही," ती म्हणायची, "पाणी भरायला निघाल्यासारखं चालू नका."

राजा झाला होता कचेरीतला एक कारकून. धिप्पाड माणूस, आवाज भरदार. पण नव्या सभागृहात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचेल की नाही याची त्याला धास्ती. म्हणून तो रोज सकाळी शिरपामाळावर जाऊन दरीकडे तोंड करून भाषणं म्हणायचा. खालची गुराखी मंडळी आधी घाबरली, मग सवयीने ऐकू लागली.

पडद्याच्या दोरीवर जामसरचा एक शेतकरी होता. सभागृहाचे दगड वाहायला तो आला होता. नाशकाहून आणलेला रंगीत पडदा इतका जड निघाला की ओढायलाही त्यालाच ठेवून घेतला. महिनाभर तो तालमींना दोरीजवळ उकिडवा बसून असायचा. कधी काही बोलायचा नाही. फक्त तिसऱ्या अंकाच्या शेवटी, वचन पाळायचं म्हणून राजा राणीला वनात धाडतो तिथे, दरवेळी मान फिरवायचा.

नाटक दुपारी ठेवलं होतं, कारण खेड्यांतून आलेल्या माणसांना उजेड असेपर्यंत रान ओलांडून घरी पोचायचं होतं. संस्थानच्या दरबारची मंडळी पुढे खुर्च्यांवर, गावातले लोक सतरंजीवर आणि मागे दाराबाहेरपर्यंत जामसर-मोखाड्याकडची माणसं दाटलेली. मी लुगडं नेसून, पावडर थापून आत उभा होतो. राजा आला, मुकुट घातला आणि त्याने तोंड उघडलं. दार करकरावं तसा आवाज आला. माळावर ओरडून ओरडून त्याचा घसा पार बसला होता.

हेडमास्तर मटकन खोक्यावर बसले. तेवढ्यात दोरीजवळून आवाज आला.

"मास्तर, मला येतंय सगळां."

"काय येतंय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"राजाचां."

त्याने तिथल्या तिथे पहिलं भाषण म्हणून दाखवलं, एक शब्द न गाळता. अक्षरओळख नसलेल्या माणसाला पाच अंक पाठ होते. दुसरा उपाय नव्हता. ठरलं ते असं, की कारकुनाने रंगमंचावर हातवारे करायचे आणि याने पडद्याआडून बोलायचं.

पहिले दोन अंक बरे गेले म्हणायचे. आवाज डावीकडून यायचा आणि राजा उजवीकडे उभा असायचा, एवढंच. एकदा राजाने तलवार उपसली ती संवाद संपल्यावर. खुर्च्यांवरची मंडळी रुमाल तोंडाला लावून बसली होती. मागची माणसं मात्र मनापासून ऐकत होती, कारण बोलणं पुस्तकातलं असलं तरी वळण त्यांच्या घरातलं होतं.

मग तिसऱ्या अंकाचा शेवट आला. मी गुडघ्यांवर बसलो, पदर डोळ्यांना लावला. राजाने हात लांब करून वनाची वाट दाखवली. आवाज काही येईना. राजाचा हात तसाच. माझं रडणं ठरल्यापेक्षा जास्त चाललं, शेवटी मला खोकला आला. आतून हेडमास्तर कुजबुजत होते, "म्हण ना. जा, राणी, जा."

अखेर आवाज आला, शांतपणे, घरी बोलावं तसा.

"राणी, ऊठ. घरी चल. वचनाचां मी बघतो."

राजा चकित होऊन पडद्याआड पाहू लागला. त्याचा हात अजून वनाकडेच होता. मला काय करावं कळेना. मी उठलो आणि राजाच्या पाठीमागून घराकडे, म्हणजे खरं तर पावडरीच्या डब्यांजवळ, जिथे आमचं सामान ठेवलं होतं तिकडे, निघालो. आणि पडदा पडला, कारण पडदाही त्याच्याच हातात होता. मागची सगळी माणसं उभी राहिली. एवढ्या टाळ्या त्या सभागृहाला पुढे कित्येक वर्षांत मिळाल्या नाहीत.

हेडमास्तर तरातरा दोरीजवळ गेले. "अरे, अजून दोन अंक होते. का केलंस असं?"

तो म्हणाला, "मास्तर, त्या रानात मी राहतो. तिथां बाईला एकटी धाडायची आन वरतून राजा म्हणवून घ्यायचां?"

तेवढ्यात दरबारातले एक वृद्ध गृहस्थ आत आले आणि हेडमास्तरांचा हात धरून म्हणाले, "शेवट फार उत्तम साधलात. नाटककार लांबवत बसतात, तुम्ही बसला नाहीत." हेडमास्तरांनी एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नम्रपणे मान लववली.

महिनाभर ते त्या माणसाशी बोलले नाहीत. पण पुढचं नाटक लिहून झालं तेव्हा भातझोडणी उरकण्याची वाट पाहून त्यांनी त्याला जामसरहून बोलावून घेतलं. एका सकाळी मी सभागृहावरून जात होतो. पायरीवर हेडमास्तर मोठ्याने वाचत होते आणि हा नागलीची भाकर खात ऐकत होता.

"पडदा कुठे पाडायचा ते याला नीट समजावं म्हणून," मला पाहून हेडमास्तर म्हणाले.

तो घास गिळून म्हणाला, "वाचा मास्तर. सासू का चिडली, त्ये अजून नाय कळलां."

हेडमास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली.