वकीलसाहेबांच्या पुंगळ्यांचे पोचे

किस्से जमवावे लागत नाहीत. एका बाकावर तीच तीच माणसं बसायला लागली की ते आपोआप साठतात, माळ्यावर अडगळ साठते तसे. माणसं उठून जातात, किस्से मात्र जागचे हलत नाहीत. माझ्याकडे अकोल्याच्या एका बाकाचे आहेत. त्या बाकावरचा आता मी एकटाच उरलोय, त्यामुळे "मास्तर, असं नव्हतं झालं" म्हणून मला अडवणारंही कोणी नाही. फार वाईट वाटतं त्याचं. असो, ऐका.

हमीदभाईंचं बंदुका दुरुस्तीचं दुकान कापूस बाजाराच्या मागे होतं. मी शाळेत गणित शिकवायचो. लग्न केलं नव्हतं, खोली भाड्याची, जेवण खानावळीत. शनिवारपर्यंत शाळेत वेळ जायचा, पण रविवार खायला उठायचा. बंदुकीशी माझा संबंध शून्य. पण दुकानापुढे बाक होता, आणि बाकावर बसायला लायसन लागत नव्हतं.

दुसरे बसणारे वकीलसाहेब. पातूरकडे त्यांची शेती होती, ज्वारीत रानडुकरं शिरायची, म्हणून रायफल. नवी काडतुसं मिळायची मारामार, तेव्हा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा वापरायची, हा त्या काळचा रिवाज. बार उडाला की पुंगळी फुगते. तिला तेलाचं नुसतं बोट लावून पोलादी साच्यात दाबली की ती मूळ मापावर येते. हे काम वकीलसाहेब घरी स्वतः करत. इंग्रज गेले तेव्हा जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी तो साचा घेतला होता.

•

एका रविवारी ते पुंगळी घेऊन आले. तिच्या खांद्यावर, म्हणजे जिथे ती निमुळती होते तिथे, वाटाण्याएवढा पोचा. झालं, बाकावर कोर्टच भरलं! शेजारचा सायकलवाला म्हणाला, पितळच हलकं. मी म्हणालो, दाब तिरपा पडतोय, आणि खिशातल्या खडूने फरशीवर आकृती काढून ते सिद्धही केलं. हमीदभाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग पुंगळीवरून अंगठा फिरवला आणि तो तेलकट अंगठा आम्हाला दाखवला.

"वकीलसाब, भजे तळून राहिले काय?"

जास्तीच्या तेलाला साच्यात जायला जागा नसते, मग ते पितळालाच आत दाबतं, एवढंच ते प्रकरण होतं. साच्याला बारीक भोक असतं, ते मळीनं बुजलं असेल तरी असंच होतं, तेही बघून घ्या म्हणाले. वकीलसाहेबांनी मान डोलावली, चहा झाला, ते घरी गेले.

पुढच्या रविवारी आले, तर पुंगळीला दोन पोचे.

•

तेलाचे पराक्रम काही वकीलसाहेबांनीच केले असं नाही. चांदूर बाजारचे एक संत्र्याचे बागायतदार एकदा आपला साचाच उपरण्यात गुंडाळून एसटीनं घेऊन आले. आत पुंगळी गच्च बसलेली, पुढे जाईना की मागे येईना. हमीदभाईंनी नाक लावून वास घेतला. पठ्ठ्यानं घरचं जवसाचं तेल चोपडलं होतं आणि वर आठवडाभर तसंच ठेवलं होतं! जवस वाळून त्याचा सरस झालेला.

मशीनचं तेल काहून नाही आणलं, हमीदभाईंनी विचारलं. बागायतदार म्हणाले, मंडळींनी आणू दिलं नाही. घरात डबा भरलेला असताना इकतचं तेल लोखंडाला कशाला पाजायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुपारभर खपून पुंगळी निघाली. बागायतदार जाताना म्हणाले, "हे घरी सांगू नका. तिले वाटते, अजून साच्यात आपलं तेल मुरून राहिलं."

•

मग ते पुण्याहून बदलून आलेले अधिकारी. त्यांच्याही पुंगळ्यांना पोचे. हमीदभाई एका नजरेत म्हणाले, "तुमी तेल ज्यादा लावून राहिले."

साहेबांचा चेहरा पडला. कोणाशी कसं बोलावं याची काही पद्धत असते, असं त्यांनी ऐकवलं. हमीदभाई घाबरले. मला बाजूला घेऊन विचारायला लागले, मास्तर, म्या शिवी देल्ली काय? मी म्हटलं, शिवी नाही, पण आपलं साधं बोलणंही त्यांना फटकळ लागतं, जरा गोड बोला.

हमीदभाई परत गेले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, तेल लय सुंदर लावता तुमी. फक्त ज्यादा लावता."

•

वकीलसाहेबांच्या पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा दिल्लीला नोकरीत. त्याचं पत्र वेळेवर यायचं, तो स्वतः कधीमधी.

एका पाडव्याला खानावळ बंद, गावात घरोघरी ओवाळणं चाललेलं. मी असाच भटकत दुकानापाशी आलो, तर हे बाकावर हजर. इस्त्रीचं धोतर, काळा कोट, हातात पुंगळी. मी म्हटलं, आज सणाचं पण? तर म्हणाले, पोच्याला कुठे सणवार कळतो. आम्ही तिघांनी ती एक पुंगळी जेवणवेळ टळेपर्यंत तपासली. मला सांगायला लाज नाही, त्या दिवशी तो पोचा नसता तर मी खोलीवर जाऊन रडलो असतो.

ईदेला दुकान बंद असायचं. तरी आम्ही दोघं सवयीनं जाऊन बंद दारापुढे बसलो. कोणीतरी हमीदभाईंना कळवलं असावं. घर पाहुण्यांनी भरलेलं सोडून ते नव्या कपड्यांत, हातात शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले आणि आमच्यावर जाम भडकले.

"घरी बलावलं तं येत नाही, अन् इथं बसता. लोकाईले वाटंल, हमीदनं ईदेच्या दिवशी मानसं बाहेर काढले."

•

एकदा वकीलसाहेब उठून गेल्यावर माझं डोकं फिरलं. भर कोर्टात साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस, त्याला वर्षानुवर्षं तेलाचं साधं प्रमाण कळू नये? हमीदभाईंनी हातातली कानस थांबवली.

"मास्तर, त्याईले सगळं मालूम हाय. घरी डबा भरून ठेवला हाय चांगल्या पुंगळ्यांचा, म्या पायला. एक तेवढी मुद्दाम बिघडवून आणतेत."

मी विचारलं, पण काहून?

"तुमी काहून येता?" हमीदभाई म्हणाले. "तुमची तं बंदूकबी नाही."

•

पुढे वकीलसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण नजर काही आली नाही. मुलगा दिल्लीहून आला, रायफल विकली, लायसन जमा केलं, साचाही देऊन टाकला आणि गेला. त्यानंतरच्या रविवारी बाकावर मी एकटा. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच.

मी घरी जाऊन त्यांना चला म्हटलं. तर म्हणाले, आता माझं तिथे काय काम? नुसतं बसायला म्हणून कुणाच्या दुकानात कसं जायचं? आयुष्यभर कामाशिवाय कुणाची पायरी चढले नव्हते ते. माणूस असा घरात बसून संपणार, हे मला तिथेच दिसलं. मी येऊन हमीदभाईंना तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं, एक पिशवी घेतली आणि शाळेत येऊन मला बोलावलं. आम्ही वकीलसाहेबांच्या घरी गेलो, तर ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, एकटेच. हमीदभाईंनी त्यांच्यासमोर टेबलावर पिशवी उपडी केली. सगळ्या पुंगळ्याच. एकूणएक पोचे पडलेल्या, तेलानं निथळणाऱ्या. ज्याच्या हाताचं नाव अमरावतीपर्यंत घेत, तो माणूस मान खाली घालून उभा राहिला.

"वकीलसाब, सकाळपासून माह्या हातानं पोचे पडून राहिले. काहून ते समजतच नाही. तुमी याच्यातले जुने जानकार, म्हून आलो."

वकीलसाहेबांनी चाचपडत एक पुंगळी उचलली. पोच्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवत राहिले. तेल ओघळून त्यांच्या मनगटापर्यंत आलं. मग त्यांनी आत आवाज देऊन स्वयंपाकाच्या बाईंना तीन चहा सांगितले, आणि बाकीच्या पुंगळ्या एकेक करून परत पिशवीत भरायला घेतल्या.

"एवढ्या एकदम कशाला आणल्या, हमीदभाई?" ते म्हणाले. "रोज एक आणत जा."