लूमशेजारची म्हैस

कमलसाठी म्हैस निवडण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण म्हशीतलं मला काही कळत नसलं तरी तक्ता फार छान करता येतो.

कमल माझी धाकटी नणंद. आम्ही सुरतेत, ती तिथूनच पुढे चलथाणजवळच्या एका गावात राहते, नवरा साखर कारखान्यात. "चार पैसे माझ्या हातचे यावेत," एवढंच तिचं म्हणणं. त्यासाठी तिनं शिलाई मशीन घेऊन पाहिलं. पण गल्लीगल्लीत शिवणाऱ्या निघाल्या आणि मशीनवर पापड वाळू लागले. मग ठरली म्हैस. मी लगेच कागद ओढला. चाऱ्याला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तोडणीच्या दिवसांत जवळजवळ फुकट. पेंड, डॉक्टर, विमा, सगळं मांडलं. डेअरी फॅटवर भाव देते, म्हणून गाय नको, म्हैसच. शेवटी 'मजुरी' हा रकाना आला. तिथं मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं : शून्य, घरचीच माणसं! (हा रकाना लक्षात ठेवा. मला तो विसरता येत नाही.)

म्हैस मिळाली सुरतेतच, नवागामला, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याला टेकून असलेल्या तबेल्यात. भिंतीपलीकडे लूम धडधडत होते, त्यामुळे सौदा ओरडूनच झाला.

"बेन, आ भेंस नथी, दूधनी टांकी छे!" मालक भीखाभाई ओरडले.

"काय?"

"टांकी! टांकी!"

धार काढून दाखवली. बादलीत फेस वर आला. आमच्या ह्यांचं अख्खं आयुष्य लिंबायतच्या लूमवर गेलेलं, त्यांना तो आवाज ऐकूही येत नव्हता. मला मात्र म्हशीची दया आली. "बिचारी! या खडखडाटात एवढं देते, तर गावच्या शांततेत किती देईल?" आणि मी तक्त्यात दूध थोडं वाढवूनही टाकलं!

टेम्पोतून म्हैस पारडासकट गावी पोहोचली. कमलनं पायांवर पाणी घालून ओवाळलं. संध्याकाळी पारडू सोडलं, बादली घेऊन बसली. पारडू ढुशा देऊन देऊन दमलं, म्हशीला पान्हा फुटेना. सकाळी तेच. कमलचा फोन आला तो रडवेल्या अहिराणीतच.

"वहिनी, हाई म्हैस से का दगड व? अशीच आटनी तं मी काय करू?"

प्रश्न खरा होता. दूध निघालं नाही तर म्हैस आटते, आणि आटली की पुढच्या वेतापर्यंत खायला काळ अन् भुईला भार. मी रजा टाकून गाव गाठलं. तोवर दृष्ट काढून झाली होती. (मिरच्यांच्या धुरानं म्हैस शिंकली, एवढीच प्रगती.) मी निदान केलं : जनावराला शांतता कमी पडतेय. टीव्ही बंद. कुकरच्या शिट्ट्या बंद. गळ्यातल्या घंटेला फडकं बांधलं. कमलच्या सासूबाईंना तर मी खोकूही देईना!

"माझ्याच घरात?" त्या कुजबुजल्या.

"शू!" मी म्हटलं.

म्हशीनं उरलासुरला थेंबही वर चढवला.

लूमच्या सुट्टीला हे आले. दारातच थबकले. "हे घर आहे का दवाखाना?" ओट्यावर आडवे झाले, कूस बदलली, उठून बसले. "मला नाही बुवा झोप येत इथं. लूम बंद असले की वाटतं, आज सुट्टी." मग म्हशीकडे बघत राहिले. "अगं... हिलाही तेच वाटत असेल! सुट्टीच्या दिवशी कोण काम करतं?"

ताट बडवलं, म्हैस दचकली. मोबाइलवर लूमचा आवाज लावला, तिनं एक कान हलवला आणि 'बनवताय का?' अशा नजरेनं पाहिलं. इतक्यात ह्यांचं लक्ष मशीनकडे गेलं. पापड उतरवले, मशीन गोठ्यात आणून पत्र्यावर ठेवलं आणि मला म्हणाले, "बस. मार पाय."

मी पाय मारला. मशीन खडखडलं, पत्रा धडधडला. म्हशीनं डोळे अर्धे मिटले, रवंथ सुरू केलं, आणि पान्हा!

"आली व माय, धार आली!" कमल ओरडली. आनंदानं माझे पाय थांबले. धारही थांबली.

"वहिनी, थांबू नको!"

"अगं, झालं की निम्मं!"

"शेवटच्या धारेत फॅट राहतं! तू थांबशील अन् डेअरीत भाव माझा पडेल!"

मी थांबले नाही. पोटऱ्यांचे गोळे झाले तरी नाही.

आता कमलच्या नावावर दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे जमा होतात, आणि ती माहेरी येताना पेढे स्वतःच्या पैशानं आणते. एरवी तिच्या सासूबाई पाय मारतात आणि सूड म्हणून मनसोक्त खोकतात. (म्हशीला चालतं.) शनिवार-रविवार मात्र माझे. मशीन रिकामं चालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून सुरतेहून साड्यांच्या चिंध्या नेते आणि उशांचे अभ्रे शिवते. नातलगांत आता कुणाची उशी उघडी उरलेली नाही.

तक्ता माझा अजूनही बरोबरच आहे. मजुरी शून्य. फक्त ते शून्य दर शनिवारी स्वतःच्या खर्चानं तिकीट काढून गावाला जातं!